सण मोठे, दिवस लहान : ख्रिस्ती कुटुंबातील आनंदाचा शोध

१९ मार्च २०१६ रोजी, नाझरेथच्या त्या सुताराच्या म्हणजेच संत योसेफच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ अर्थात ‘प्रेमाचा आनंद’ या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली. ऑक्टोबर २०१४ आणि ऑक्टोबर २०१५ अशी दोनदा जगभरातील बिशपांची सभा कुटुंब या एकाच विषयासाठी रोममध्ये भरली होती. त्या मंथनातून हे ३२५ परिच्छेदांचे पत्र जन्माला आले. पत्र प्रसिद्ध होताच वर्तमानपत्रांनी त्याचे आठवे प्रकरण तेवढे उचलून धरले. घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केलेल्यांना ख्रिस्तशरीर द्यावे की नाही, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. तो प्रश्न गंभीर आहे, यात शंका नाही. मात्र त्या गदारोळात पत्राचा मोठा भाग, जो तुमच्या-आमच्या घरांशी थेट बोलतो, तो बहुतेकांच्या वाचनात आलाच नाही.

त्या भागात पोप महोदय फार साध्या गोष्टी सांगतात. प्रेमाला वेळ लागतो आणि जागा लागते. बाकी सर्व त्यानंतर, असे ते २२४व्या परिच्छेदात बजावतात. नवविवाहितांनी रोजच्या काही सवयी लावून घ्याव्यात, असे २२६वा परिच्छेद सुचवतो : सकाळचे चुंबन, रात्रीचा आशीर्वाद, बाहेरून येणाऱ्याची दारात वाट पाहणे, घरकाम वाटून घेणे. जेवणाच्या वेळी घरातील प्रत्येक जण मोबाइलमध्ये बुडालेला असतो, हे चित्रही त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही. चुंबन, दार, जेवण, घरकाम! संत पेत्राच्या वारसाने जगाला लिहिलेल्या पत्रात अशा गोष्टींना स्थान मिळावे, याचा अर्थ काय? अर्थ हाच की, ख्रिस्ती कुटुंबाचा आनंद रोजच्या दिवसात दडलेला आहे. आणि नेमका हा रोजचा दिवसच आज आपल्या हातातून निसटत चालला आहे.

आपले बदललेले घर

वसईच्या पट्ट्यात दोन-तीन पिढ्यांपूर्वी घर आणि काम यांच्यामध्ये फार अंतर नव्हते. केळीची, पानवेलीची, फुलांची, भाजीची वाडी घराला लागूनच असे. आई-वडील, आजी-आजोबा आणि मुले एकाच मातीत राबत. माल मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या स्त्रिया पहाटेच निघत, पण दुपारनंतर घरी परतत. सायंकाळी देवळाची आंजेलुसची घंटा वाजली की हातातले काम थांबे. दिवेलागणीला रोझरी होई आणि मग एकत्र जेवण. या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. त्या घरात दारिद्र्य होते, सुनांवर कामाचा डोंगर होता, धाकापोटी पाळलेले मौनही होते. पण एक गोष्ट त्या घराला न मागता मिळत होती, ती म्हणजे एकमेकांचा सहवास.

आज चर्चगेट ते विरार या सुमारे ६० किलोमीटरच्या लोहमार्गावर आपल्या हजारो कुटुंबांचे आयुष्य ताणले गेले आहे. वाड्या गेल्या, इमारती आल्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिकाही अस्तित्वात आली. शिक्षण वाढले, मिळकत वाढली, मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहता आले. हे सर्व स्वागतार्हच आहे. मात्र सकाळी सातच्या आत घर सोडणारे वडील रात्री नऊनंतर परततात. आईही नोकरी करते. मुले शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून मोबाइलकडे जातात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे बहुतेक घरांत एक किंवा दोन मुले. त्यामुळे आई-वडील घरी नसतात तेव्हा मुलाला सोबत करायला भावंडही नसते. काही घरांतील तरुण आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेले आहेत आणि म्हातारे आई-वडील पडद्यावर नातवंडांचे चेहरे पाहतात. कुटुंब तुटलेले नाही. त्याचा एकत्र असण्याचा वेळ मात्र तुटला आहे.

सोहळ्यांची श्रीमंती

या तुटलेल्या वेळेची भरपाई आपण कशी करतो? सोहळ्यांनी. विवाहाच्या आधीचे छायाचित्रण, मोठा हॉल, रोषणाई, बँड, डीजे, पाच-सातशे पाहुण्यांचे जेवण. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा समारंभ आता लहानशा विवाहासारखा होऊ लागला आहे. वाढदिवस, विवाहाची पंचविशी, पन्नाशी, नाताळ, धर्मग्रामाचा सण, प्रत्येकाचा खर्च मागील वर्षाहून अधिक. यात आई-वडिलांचे मन वाईट नसते. वर्षभर मुलांना वेळ देता आला नाही, निदान या दिवशी तरी काही कमी पडू नये, अशी ती माया असते. परंतु त्या एका दिवसाचे कर्ज फेडण्यासाठी पुढची दोन-तीन वर्षे जादा काम करावे लागते आणि घरात उरलेला वेळ आणखी घटतो. सण मोठे होत जातात, दिवस लहान होत जातात.

सण नकोत असे कोणी म्हणणार नाही. आपला प्रभू स्वतः काना गावच्या विवाहाला गेला होता. पोप फ्रान्सिस यांनीही त्याच २२६व्या परिच्छेदात अधूनमधून सण साजरे करून दिनक्रमाला विसावा देण्यास सांगितले आहे. पण कानाचा प्रसंग जरा बारकाईने वाचावा. त्या घरचा सोहळा अर्ध्यावर कोलमडला, कारण द्राक्षारस संपला. प्रभूने तेव्हा नवे पिंप मागवले नाही. दाराशी शुद्धीकरणासाठी ठेवलेले, रोजच्या वापरातील पाण्याचे सहा रांजण त्याने काठोकाठ भरायला सांगितले. चमत्कार घडला तो त्या रोजच्या पाण्यात. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांमध्ये विवाहाच्या निमित्ताने विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचे पाणी’ आणण्याची प्रथा आहे. आपल्या पूर्वजांनाही ठाऊक असावे की संसाराची सुरुवात पाण्यापासून होते. रांजण रिकामे ठेवून द्राक्षारसाची अपेक्षा करणे, ही आजच्या अनेक घरांची अवस्था आहे.

तीन कुटुंबे, तीन तारखा

गेल्या पंचवीस वर्षांत ख्रिस्तसभेने या बाबतीत एक अत्यंत बोलके पाऊल उचलले आहे. २१ ऑक्टोबर २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममधील लुईजी आणि मारिया बेल्त्रामे क्वात्रोकी या दांपत्याला धन्यवादित घोषित केले. पती-पत्नीला एकत्र हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. लुईजी सरकारी वकील, मारिया लेखिका. घरात चार मुले आणि रोज सायंकाळी रोझरी. चौथ्या बाळंतपणात आईच्या जिवाला धोका असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तरी दोघांनी बाळाला नाकारले नाही. आई आणि मूल दोघेही वाचले. रोममधील त्या सोहळ्याला त्यांची तीन मुले वृद्धापकाळी उपस्थित होती.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबविषयक सभा चालू असतानाच, फ्रान्समधील लुई आणि झेली मार्टिन हे दांपत्य एकत्र संतपदाला पोहोचले. संत तेरेजा ऑफ लिझ्यू यांचे हे आई-वडील. लुई घड्याळे दुरुस्त करीत, झेली आलांसोन गावची प्रसिद्ध लेस विणून घेण्याचा व्यवसाय सांभाळीत. आजच्या भाषेत दोघेही नोकरी-व्यवसायात गुंतलेले आई-वडील. पुढे पत्नीच्या व्यवसायाला हातभार लावण्यासाठी लुई यांनी आपले दुकान सोडले. दुकान होते तेव्हाही ते रविवारी बंद ठेवीत, मग गिऱ्हाईक गेले तरी चालेल. त्यांना नऊ मुले झाली. त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. लेओनी नावाच्या हट्टी, अभ्यासात मागे पडलेल्या मुलीने झेलींना किती काळजीत टाकले, हे त्यांच्या पत्रांतून दिसते. त्यांची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांत कामाचा थकवा, मुलांची आजारपणे, पैशांचा हिशेब, थट्टामस्करी असे सारे काही आहे. १८७७ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. लुई यांना उतारवयात मानसिक आजार जडला आणि सुमारे तीन वर्षे त्यांना रुग्णालयात काढावी लागली. दुःख या घरातही पुरेपूर होते. तरीही संत तेरेजांनी आपल्या बालपणाकडे मागे वळून पाहिले, तेव्हा त्यांना ते प्रेमाने भरलेले दिसले.

१० सप्टेंबर २०२३ रोजी पोलंडमधील मार्कोवा गावचे उल्मा कुटुंब धन्यवादित झाले. एका संपूर्ण कुटुंबाला एकाच वेळी हा मान देण्याची ही पहिलीच घटना. युझेफ उल्मा हे शेतकरी. फळझाडांची रोपवाटिका, मधमाश्या, रेशमाचे किडे आणि छायाचित्रणाचा छंद. आपल्या वाडीवाल्या वसईकरांना हा माणूस परका वाटणार नाही. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी विक्तोरिया यांनी आठ ज्यू व्यक्तींना घरात लपवले होते. २४ मार्च १९४४ रोजी नाझी पोलिसांनी त्या आठ जणांसह पती-पत्नी, त्यांची सहा मुले आणि आईच्या हौतात्म्याच्या क्षणी जन्मलेले सातवे बाळ, अशा सर्वांचा बळी घेतला. त्यांच्या घरातील बायबलमध्ये दयाळू शोमरोनीच्या दाखल्याखाली रेघ ओढलेली सापडली. एवढे धैर्य एका रात्रीत येत नाही. ज्या घरात रोज शुभवर्तमान उघडले जाते आणि पाहुण्यासाठी रोज ताट वाढले जाते, त्याच घराचे दार संकटकाळीही उघडते.

या तिन्ही कुटुंबांविषयीची एक बाब मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. संतांचा सण साधारणपणे त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो, कारण तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस मानला जातो. क्वात्रोकी दांपत्याचा सण २५ नोव्हेंबरला असतो, मार्टिन दांपत्याचा १२ जुलैला आणि उल्मा कुटुंबाचा ७ जुलैला. या तिन्ही तारखा त्यांच्या विवाहाच्या आहेत! उल्मा कुटुंबाला तर हौतात्म्याची तारीख होती. तरीही विवाहाचीच तारीख निवडली गेली. ख्रिस्तसभा जणू सांगते आहे की या माणसांचा स्वर्गाकडचा प्रवास वेदीसमोर दिलेल्या शब्दापासून सुरू झाला आणि तो शब्द त्यांनी रोज पाळला. १ जून २०२५ रोजी, ज्युबिली वर्षातील कुटुंबांच्या मेळाव्यात, नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे यांनीही आपल्या प्रवचनात याच तीन कुटुंबांची नावे घेतली, हे लक्षणीय आहे.

दिवसाचा भार कोणाच्या खांद्यावर?

रोजच्या जीवनात आनंद शोधा, असे सांगणे सोपे आहे. पण हा ‘रोज’ घरात कोण उचलतो, हे विचारल्याशिवाय तो उपदेश प्रामाणिक ठरत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे जवळजवळ पाच तास, दुसरीकडे दीड तासही नाही. ख्रिस्ती घरे याला अपवाद आहेत, असे मानायला काही आधार नाही. लोकलमधून उभ्याने घरी आलेली आई थेट ओट्याशी उभी राहते आणि बाकीचे जेवणाची वाट पाहतात. त्या घरी रोझरी झाली, तरी आई ती कुकरच्या शिट्ट्या मोजत म्हणते. मातृदिनाला देवळात फुले देऊन हा हिशेब चुकता होत नाही. भांडी घासणारा पती, ताटे मांडणारा मुलगा हे स्त्रीवर उपकार करीत नाहीत. ते त्यांच्या विवाहाचे आणि बाप्तिस्म्याचे वचन पाळत असतात. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आनंदाच्या नावाखाली अन्याय सोसण्याचा उपदेश ख्रिस्तसभा करीत नाही. दारूच्या नशेत मार खाणाऱ्या स्त्रीला ‘क्रूस वाहा’ असे सांगून परत पाठवणे, हे शुभवर्तमान नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांवरील घरगुती हिंसेचा त्याच पत्रात कडक शब्दांत निषेध केला आहे. पत्नीच्या किंवा लहान मुलांच्या रक्षणासाठी विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते, असे २४१व्या परिच्छेदात म्हटले आहे. आपल्या देशातही कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा आहे. त्याचा आधार घेणारी भगिनी धर्मग्रामात मान खाली घालून नव्हे, तर ताठ मानेने वावरली पाहिजे. विधवा, परित्यक्ता, एकट्याने मुले वाढवणारे पालक, अविवाहित राहिलेले भाऊ-बहिणी यांचेही घर हे घरच आहे आणि प्रभू त्याही उंबरठ्याच्या आत आहे.

‘येतो’ म्हणणारी भाषा

१३ मे २०१५ रोजी बुधवारच्या भेटीत पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबांना तीन शब्द दिले : ‘करू का?’, ‘आभारी आहे’, ‘माफ कर’. ही शिकवण आपल्या घरांत नेताना एक अडचण येते. मराठी घरात पतीने पत्नीला ‘मी तुझा आभारी आहे’ असे म्हटले, तर तिला हसूच येईल. आपली भाषा आभार वेगळ्या रीतीने मानते. ‘जेवलास का?’, ‘दमलीस ना?’, ‘तू बस, मी करते’ या आपल्या कृतज्ञतेच्या प्रार्थनाच आहेत. घराबाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्या एका शब्दात परतण्याचे वचन आहे. प्रश्न एवढाच की आज हे शब्द उच्चारले जातात का? की कानांत गाण्याच्या तारा घालून, न बोलताच दार ओढून घेतले जाते? क्षमेचे शब्द मात्र आपल्या घरांत पूर्वीही दुर्मीळच होते, विशेषतः थोरांच्या तोंडी. वडिलांनी मुलाला ‘माझे चुकले’ म्हटल्याने त्यांचा मान कमी होत नाही. आपला बाप देवाची खरोखर प्रार्थना करतो, हे मुलाला त्या दिवशी कळते.

घरी आणि धर्मग्रामात

मग करायचे काय? लोकलचे वेळापत्रक आपल्या हातात नाही आणि सर्वांनीच नोकरी सोडून वाडीकडे परतावे, असेही कोणी सांगू शकत नाही. पण दिवसातील वीस मिनिटे बहुतेक घरांच्या हातात असतात. दिवसाचे एक तरी जेवण एकत्र, मोबाइल दूर ठेवून. रात्री वडील उशिरा येत असतील, तर सकाळचा चहा एकत्र. त्या वीस मिनिटांत पाच मिनिटे प्रार्थनेची : पूर्ण रोझरी जमली तर उत्तम, नाही जमली तर एक दशक. दिवसभरातील एका गोष्टीबद्दल प्रत्येकाने देवाचे आभार मानावेत आणि एक चिंता त्याच्यापुढे ठेवावी. काही मिनिटेही पुरतात, हे ‘प्रेमाचा आनंद’मध्येच सांगितले आहे. रविवारी मिस्सानंतरची सकाळ शिकवणीच्या वर्गाला न देता घराला द्यावी. सोहळ्यांच्या बाबतीत घरातील सर्वांनी बसून एक मर्यादा ठरवावी आणि वाचलेल्या पैशांतून जादा कामाचे काही दिवस कमी करावेत.

धर्मग्रामांनीही आपल्याकडे पाहावे. संघटनांच्या बैठका, गायनाचा सराव, सणांची तयारी यांमुळे आपले सर्वांत सेवाभावी स्त्री-पुरुष आठवड्यातील किती सायंकाळी घराबाहेर असतात? कुटुंबाविषयीची शिबिरे भरवून आपण कुटुंबालाच घराबाहेर ठेवत असू, तर विचार करायला हवा. आठवड्यातील एखादी सायंकाळ प्रत्येक धर्मग्रामाने कोणताही कार्यक्रम न ठेवता मोकळी सोडावी आणि ती कुटुंबांसाठी आहे, असे देवळात जाहीर करावे. विवाहपूर्व मार्गदर्शनात हॉल आणि जेवणावळीच्या खर्चाविषयी, घरकामाच्या वाटणीविषयी मोकळेपणाने बोलले जावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ म्हटले. देवळात रविवारी जे घडते, तेच घरात रोज घडायचे आहे : शब्द ऐकणे, क्षमा मागणे, भाकर मोडणे, एकमेकांना शांती देणे. जगाच्या तारकाने पृथ्वीवरील आपल्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे नाझरेथच्या एका घरात काढली आणि जाहीर कार्याला जेमतेम तीन वर्षे दिली. त्या तीस वर्षांविषयी शुभवर्तमान जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण सांगण्यासारखे काही ‘घडले’ नाही. पाणी भरले गेले, लाकूड तासले गेले, भाकरी भाजल्या गेल्या, प्रार्थना म्हटल्या गेल्या. तो काळ वाया गेला, असे कोणता ख्रिस्ती माणूस म्हणेल?

वाचकहो, आज रात्री आपल्या घरात कदाचित काहीही विशेष घडणार नाही. कोणी थकून येईल, कोणी अभ्यासावरून बोलणी खाईल, भाजीत मीठ कमी पडेल. पवित्र कुटुंब असल्याच दिवसांतून पवित्र झाले. तो दिवस आपल्याही वाट्याला आला आहे; तो एकमेकांच्या सोबतीने जगण्याची कृपा येशू, मरिया आणि योसेफ आपल्या प्रत्येक घराला देवोत.